सीमाभागातल्या महाविद्यालयीन सेवाकार्याला सुरुवात कशी करायची : नव्या स्वयंसेवकांसाठी

पदवीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की थोड्याच दिवसांत एखादे सर वर्गावर येतात आणि विचारतात, ‘एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, कोणकोण नाव देणार?’ काही हात वर होतात. पुढे किती तास भरायचे, गाव कोणी ठरवायचं, पत्र कोणाच्या नावाने लिहायचं, हे मात्र ज्याने त्याने चाचपडत शोधायचं. मी बेळगावात शिकलो, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या खेड्यांत स्वयंसेवक म्हणून राबलो, आणि आता दरवर्षी नव्या मुलामुलींना हीच माहिती तोंडी देत असतो. या वेळी ती लिहून काढली आहे.

माझं एक ठाम मत सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. आपल्या भागातल्या मराठी गावांत सरकारी कागद कन्नडमध्ये येतो आणि घरातल्या थोरांना तो वाचता येत नाही. मराठी घरात वाढलेल्या आणि शाळेत कन्नड शिकलेल्या विद्यार्थ्याला तो वाचता येतो. असा विद्यार्थी आठवड्यातून दोन तास पंचायतीच्या कट्ट्यावर बसला तरी गावाचा जेवढा फायदा होतो, तेवढा दिवसभर रस्ता झाडून होत नाही. स्वच्छता, झाडं लावणं ही कामं कराच. पण जे काम तुमच्याशिवाय दुसरं कोणी सहज करू शकत नाही, ते आधी धरा.

१. आपण कोणत्या चौकटीत बसतो ते ओळखा

बीए, बीकॉम, बीएस्सीची मुलं बहुतेक राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे येतात. हे विद्यापीठ २०१० साली स्थापन झालं. इथे सेवाकार्याचा मुख्य रस्ता राष्ट्रीय सेवा योजनेचा. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली, म्हणूनच २४ सप्टेंबरला महाविद्यालयात कार्यक्रम असतो. हिशेब सोपा आहे : वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर. प्रमाणपत्रासाठी तास आणि शिबिर दोन्ही लागतं. तास भरले आणि शिबिर चुकवलं, म्हणून प्रमाणपत्र अडकलेली मुलं दरवर्षी भेटतात.

इंजिनिअरिंगवाल्यांचं गणित वेगळं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे. त्यांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सेमिस्टरला ‘सोशल कनेक्ट अँड रिस्पॉन्सिबिलिटी’ हा विषय येतो. झाड दत्तक घेणं, वारसा फेरी, सेंद्रिय शेती आणि कचरा व्यवस्थापन, जलसंधारण, खाद्यसंस्कृतीची फेरी असे त्याचे भाग आहेत. याशिवाय एआयसीटीईचे, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे, १०० अॅक्टिव्हिटी पॉइंट मिळवावे लागतात, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ७५. ही दोन खाती वेगळी आहेत. एकाच कामाचा अहवाल दोन्हीकडे चालेल असं धरून बसू नका, काम सुरू करण्याआधी समन्वयकांना विचारा. वारसा फेरी करणार असाल तर बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, सगळेच करतात. तुम्ही टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीलाही जा. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनासाठी ती खोदली होती. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव काँग्रेस अधिवेशन. वारसा आणि जलसंधारण हे दोन्ही विषय त्या एका विहिरीवर एकत्र येतात.

निपाणीकरांसाठी खास सूचना. अर्जुननगरचं देवचंद महाविद्यालय निपाणीला खेटून असलं तरी कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतं आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचे फॉर्म आणि नियम कोल्हापूरचे असतात, पण काम निपाणी तालुक्यातल्या गावात घेतलं की प्रशासन कर्नाटकाचं लागतं. कोल्हापूरच्या मित्राकडून आणलेल्या पत्राच्या नमुन्यात ‘ग्रामसेवक’ आणि ‘गटविकास अधिकारी’ असतं. आपल्याकडे पत्र पंचायत विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे पीडीओंना जातं आणि त्यांच्या वर तालुका पंचायतीचे कार्यकारी अधिकारी, म्हणजे ईओ असतात. पदनाम चुकलं की पत्र टेबलावरच पडून राहतं.

तुमच्या महाविद्यालयाने उन्नत भारत अभियानात भाग घेतला आहे का, हेही विचारून घ्या. २०१४ साली सुरू झालेल्या या योजनेत संस्था पाच गावं दत्तक घेते. तुमचं गाव त्या यादीत असेल तर ओळखपाळख, परवानगी अशी बरीच वाट आधीच मोकळी झालेली असते.

२. आधी हे कागद गोळा करा

एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये :

- नाव नोंदणीचा फॉर्म, कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या (महाविद्यालयात एनएसएस सांभाळणाऱ्या प्राध्यापकांच्या) सहीसह
- आधारची झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे चार-सहा फोटो
- महाविद्यालयाचं ओळखपत्र
- पालकांचं संमतीपत्र (शिबिरासाठी वेगळं, मुक्कामाचं गाव आणि तारखा घालून)
- रक्तगट आणि एखादा आजार वा अॅलर्जी असेल तर त्याची नोंद
- केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ या युवकांसाठीच्या पोर्टलवरच्या नोंदणीची प्रत
- कामाची डायरी

संमतीपत्र मराठीतच लिहून घ्या. आईवडिलांना वाचता न येणाऱ्या कागदावर त्यांची सही घेऊ नये.

मुलींना एक सोय आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमधून महिलांचा प्रवास मोफत आहे. कंडक्टर कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र मागतो, तेव्हा आधार जवळ ठेवा. आणि गाव ठरवताना शेवटची बस किती वाजता सुटते हे आधी बघा. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

३. गाव ठरवताना योग्य प्रश्न विचारा

बहुतेक पथकं गावात जाऊन ‘तुमच्या समस्या काय?’ असं विचारतात. उत्तर ठरलेलं : रस्ता, गटार, पाणी. त्यातलं काहीच तुमच्या हातात नसतं, आणि लोकांना वाटतं आता कॉलेज रस्ता करून देणार. पुढच्या वर्षी त्या गावात पाय ठेवायला तोंड उरत नाही.

त्याऐवजी हे विचारा : ‘गेल्या वर्षभरात कोणत्या कामासाठी तालुक्याला सगळ्यात जास्त खेपा घातल्या?’ मग उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातलं नाव, पेन्शन, बँकेला आधार जोडणं, अशी खरी यादी बाहेर येते. शंभर तासांत हात घालता येतील अशी ती कामं असतात.

हा प्रश्न सरपंचांकडे जाऊन विचारण्यापुरता ठेवू नका. (आपल्याकडे कागदोपत्री पद ‘अध्यक्ष’ असं आहे, पत्रात तसंच लिहा.) अंगणवाडीच्या बाई, आशा कार्यकर्ती, शाळेचे मुख्याध्यापक, देवस्थान पंच कमिटीतलं कोणीतरी जाणतं माणूस, बचत गटाच्या महिला, सगळ्यांना भेटा. आणि संध्याकाळी दूध डेअरीवर जाऊन थांबा. दूध घालायला अख्खं गाव येतं, पाचदहा मिनिटं उभं राहतं आणि बोलतं. घरोघरी सर्वेक्षणाचे फॉर्म भरून जे कळत नाही ते तिथे कळतं.

गाव मराठी असलं तरी त्यात कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी घरं असतात. त्यांच्या गल्लीतही जा. पथकात कन्नड घरातली मुलं घ्याच. आपल्या भागात एकमेकांच्या घरी सणाला जेवलेली पोरं असतात, ती एकत्र आली की पंचायतीतही काम पटकन होतं.

४. परवानगीचं पत्र दोन भाषांत

एका पानावर वर कन्नड, खाली मराठी. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं, हे माहीत असू द्या. पण तुम्ही गाऱ्हाणं घेऊन गेलेला नाही, काम घेऊन गेला आहात. वाचणाऱ्याला त्याच्या भाषेत कागद मिळाला की सही लवकर होते, आणि खालचा मराठी मजकूर पंचायत सदस्यांना वाचता येतो.

मराठी मजकूर असा पुरे होतो :

‘मा. पंचायत विकास अधिकारी, ग्रामपंचायत … यांस. विषय : राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना सेवाकार्यासाठी परवानगी मिळणेबाबत. महोदय, आमच्या महाविद्यालयाचे … विद्यार्थी दर शनिवारी सकाळी … ते … या वेळेत ग्रामपंचायतीच्या आवारात नागरिकांना अर्ज भरण्यास विनामूल्य मदत करू इच्छितात. सोबत कार्यक्रम अधिकारी प्रा. … असतील. एक टेबल, दोन बाके व पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी, ही विनंती.’

खाली कार्यक्रम अधिकारी आणि प्राचार्यांची सही. दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय उठू नका. ‘ठेवा, बघतो’ म्हटलेल्या पत्राचा पुढे पत्ता लागत नाही.

शाळेत काम करायचं असेल तर मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर थांबू नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांना, म्हणजे बीईओंना पत्र आणि शाळा विकास व देखरेख समितीला, एसडीएमसीला, प्रत द्या. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणी, हुक्केरी, अथणीकडच्या शाळांची वरची कचेरी चिक्कोडीला आहे, बेळगावला खेपा घालू नका. भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांवर जाणार असाल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी, बाकी सगळं नंतर. तिथे अस्वलं आहेत, पायवाटेने संध्याकाळी परतायचं नाही.

फलक करताना कन्नड वर आणि ठळक, मराठी खाली स्पष्ट. फलकावरून वाद झाला की त्या दिवसाचं काम बुडतं आणि गावकऱ्यांची अडचण तिथेच राहते.

५. मदत कट्टा कसा चालवायचा

मदत कट्टा म्हणजे वरच्या पत्रात मागितलेलं, पंचायतीच्या आवारातलं अर्ज भरून देण्याचं टेबल. हा भाग सावकाश वाचा.

एका कट्ट्याला चौघं पुरतात : एकजण वहीत नोंद करणारा, दोघं फॉर्म वाचून भरणारे (त्यातला निदान एक सफाईने कन्नड लिहिणारा), आणि एक ‘ग्राम-वन’ (GramaOne) या सरकारी सेवा केंद्रात किंवा नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, सोबत जाणारा. जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून मिळतात. अर्ज दिल्यावर सकाल योजनेची पोचपावती मागा. सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हा कर्नाटकाचा कायदा २०११ चा आहे. पावतीवरचा क्रमांक लिहून ठेवला की अर्ज कुठे अडला ते शोधता येतं. पावती नसली तर फक्त खेपा.

सगळ्यात जास्त वेळ नावांच्या फरकात जातो. एक आजी येतात. पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढतात. आधारवर ‘यल्लूबाई’, रेशनकार्डावर ‘यल्लव्वा’, बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. बाई एकच, पण संगणकाला तीन दिसतात. कुटुंबप्रमुख महिलेसाठी असलेल्या कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये शेजारणीला मिळतात, यांना का नाही, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं. अशा वेळी घाईने नवा अर्ज भरू नका. तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडा, कोणत्या कागदावरचं नाव प्रमाण धरायचं ते त्यांच्या मुलाला किंवा सुनेला बोलावून ठरवा, आणि मग बाकीचे दोन त्याप्रमाणे दुरुस्त करायला द्या. दुरुस्तीचा क्रम वहीत लिहून त्याची मराठी चिठ्ठी आजींच्या पिशवीत घाला : आधी हे, मग ते, सोबत हा कागद. पुढच्या शनिवारी त्या चिठ्ठी दाखवतात आणि काम तिथून पुढे जातं.

आता धोके. यांतला एकही नियम मोडू नका.

कोणाच्याही आधारचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये काढायचा नाही. ओटीपी आला तर माणसाने स्वतः वाचायचा आणि स्वतः सांगायचा, तुम्ही त्यांचा मोबाइल हातात घ्यायचा नाही. एक रुपयाही घ्यायचा नाही, चहाचे पैसे म्हणूनही नाही. ‘काम होईल’ असा शब्द द्यायचा नाही. ‘अर्ज आज गेला, पावती ही’ एवढंच बोलायचं.

जमिनीचा कागद आला तर फक्त वाचून दाखवा. उताऱ्यावर कोणाचं नाव चढलं, कोणाचं गळलं, यात भावकीचं भांडण असू शकतं आणि तुम्ही काय म्हणालात ते गावभर होतं. सल्ला हवा असेल तर जिल्हा न्यायालयातल्या कायदा सेवा प्राधिकरणाचं नाव सांगा. पात्र लोकांना तिथे मोफत वकील मिळतो.

६. शाळेतलं काम

कट्ट्याच्या खालोखाल उपयोगी म्हणजे सरकारी मराठी शाळा. तिथे जाऊन भाषणं करू नका. चौथी ते सातवीच्या मुलांना आठवड्यातून एक तास कन्नड बोलायला शिकवा : बसमध्ये तिकीट मागणं, दवाखान्यात दुखणं सांगणं, दुकानात हिशेब करणं. आणि एक तास मराठी गोष्टी मोठ्याने वाचा. या दोन तासांनी मुलांची भीड मोडते. एका शाळेत वर्षभर तेच दोन स्वयंसेवक जाऊ द्या, दर आठवड्याला नवे चेहरे पाठवले तर मुलं मोकळी होत नाहीत. मुलांचे फोटो मुख्याध्यापकांची परवानगी असल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नका.

७. तारखा जपून धरा

जुलैत खानापूर पट्ट्यात भात लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुगी. या दिवसांत गावात माणूस भेटत नाही. नदीकाठी, म्हणजे सदलगा, यडूरकडे, जुलै-ऑगस्टमध्ये पुराचं सावट असतं. २०१९ चा पूर तिथे कोणी विसरलेलं नाही. पुरात विद्यार्थ्यांनी पाण्यात उतरायचं नाही. निवारा केंद्रात नावं नोंदवणं, औषधांच्या वेळा पाळणं आणि पाणी ओसरल्यावर शाळा धुणं ही आपली कामं.

१ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन असतो, त्याच्या आगेमागे बेळगाव शहरात बंदोबस्त असतो, तेव्हा कार्यक्रम ठेवू नका. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की अधिकारी तिकडे गुंतलेले असतात, सह्या रखडतात. शिबिराची पत्रं त्याआधीच मार्गी लावा. होळीनंतर गावोगावच्या यात्रा लागतात. यात्रेच्या आठवड्यात गावाला पाहुण्यांचंच पुरेसं असतं. मला जानेवारीचा दुसरा पंधरवडा शिबिराला सर्वांत सोयीचा वाटतो.

८. शिबिराचे सात दिवस

मुक्काम बहुधा शाळेत किंवा मंदिराच्या सभागृहात. मुलींच्या खोलीला आतून कडी आहे का आणि शौचालयात पाणी आहे का, हे आधी जाऊन स्वतः बघा. या दोन गोष्टी नसतील तर गाव बदला. स्वयंपाकासाठी गावातल्याच महिला बचत गटाला रोख पैसे देऊन काम द्या. जेवण चांगलं मिळतं आणि पैसा गावात राहतो.

सकाळी श्रमदान, दुपारी कट्टा, संध्याकाळी कार्यक्रम हा क्रम चांगला. श्रमदानाचं काम एकच घ्या आणि पूर्ण करा. अर्धी उपसलेली विहीर गावाला धोकादायक असते. विहिरीत उतरायचं असेल तर गावातला माहीतगार माणूस, दोर आणि पंचायतीची लेखी संमती हवीच. प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

रक्तदान शिबिर घेणार असाल तर दात्याचं वय १८ पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो हवं. उत्साहात वय लपवणारी मुलं असतात, ओळखपत्र बघूनच नाव घ्या.

९. तास, सह्या आणि प्रमाणपत्र

डायरीत त्याच दिवशी लिहा : तारीख, वेळ, गाव, काम, किती लोकांना मदत झाली. ‘समाजसेवा केली’ असं लिहिलेल्या पानाला किंमत नाही. ‘चार उत्पन्न दाखले, दोन रेशन दुरुस्त्या, एक अर्ज अपुरा, बँक पासबुक हवं’ असं लिहिलेलं पान पुढच्या तुकडीला उपयोगी पडतं.

महिन्याच्या शेवटी कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही घ्या, वर्षाच्या शेवटी एकदम नको. पीडीओंची बदली कधीही होते, त्यामुळे त्यांचं काम केल्याचं पत्र शिबिर संपलं त्याच आठवड्यात मागा. कट्ट्याच्या वहीत लोकांची नावं आणि अर्ज क्रमांक असतात, ती कोणाच्या घरी राहता कामा नये. परीक्षेआधी ती कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या कपाटात कुलपात जमा करा आणि अडलेल्या अर्जांची यादी पंचायतीला द्या. जूनमध्ये नवी मुलं येतील, त्यांनी पहिल्या शनिवारी त्या यादीतल्या पहिल्या नावापासून काम सुरू करायचं.